हाराजुकूचे रंग आणि माझी बेज गोधडी

ठिगळकर
नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, लांबलाय, चहा घेऊन बसा.

मी घरी गोधड्या शिवते हे इथल्या जुन्या लोकांना माहितीये. गेली तीन वर्षं माझ्या सगळ्या ऑर्डरी एकाच रंगाच्या. बेज. नाहीतर ऑफव्हाइट, आणि गिऱ्हाईक फारच धाडसी असेल तर फिकट शेवाळी. "ताई एस्थेटिक हवीये" असं फोनवर सांगतात. अहो चिंध्यांच्या ढिगातनं फक्त बेज तुकडे निवडायचे म्हणजे भेळेतले कुरमुरे तेवढे वेचून खायचे. लाल गेलं, राणी गेलं, पोपटी गेलं, ते सगळं एका गोणीत भरून माळ्यावर टाकलंय आणि ती गोणी आता दार लावू देत नाही.

तर मागच्या महिन्यात मावसबहिणीकडे ठाण्याला गेले होते, तिच्या मुलीच्या टेबलावर एक जाड पुस्तक पडलं होतं, फ्रूट्स नावाचं. मला वाटलं फळांचं असेल. उघडलं तर पानोपानी टोक्योतल्या हाराजुकू भागातली पोरं, रस्त्यात उभी, एका पानावर एक किंवा दोघी, डोक्यापासून पायापर्यंत अख्खी. आणि काय ते कपडे! किमोनोवर टीशर्ट, त्याखाली पट्ट्यापट्ट्यांचे मोजे, केस गुलाबी, हातात कोपरापर्यंत प्लॅस्टिकच्या बांगड्या. जेवायला तीनदा हाक मारली तरी मी उठले नाही.

पुस्तक २००१ चं आहे, पण आधी हे मासिक होतं. शोइची आओकी नावाच्या फोटोग्राफरने १९९७ मध्ये सुरू केलं. त्याआधी तो १९८५ पासून स्ट्रीट नावाचं मासिक काढायचा, त्यात लंडन-पॅरिसच्या रस्त्यावरची फॅशन जपान्यांना दाखवायचा. मग कधीतरी त्याच्या लक्षात आलं की आपल्याच गावातल्या पोरी कोणाचीही नक्कल न करता काहीतरी वेगळंच करतायत, आणि कॅमेरा इकडे वळला. मला हा भाग फार आवडला, तुळशीबागेत राहून पॅरिसचे फोटो काढत बसल्यासारखं होतं ना ते.

पण मी अडकले ती फोटोखालच्या चार ओळींत. वय, काय करते (बहुतेक विद्यार्थिनी), आणि मग एकेक वस्तू कुठून आणली त्याची जंत्री. स्कर्ट अमुक ब्रँडचा, शर्ट सेकंडहँड, पिशवी स्वतः केलेली. महागडं आणि फुकटातलं एकाच ओळीत, शेजारी शेजारी, कोणालाच कशाची लाज नाही. माझ्या आजीच्या गोधडीत अगदी असंच असायचं, आत्याच्या लग्नातल्या शालूचा काठ आणि त्याला चिकटून काकाच्या शाळेच्या खाकी चड्डीचा तुकडा. त्या क्षणी मला माळ्यावरची गोणी आठवली.

आता विचारायचं असं, की कोणी अशा भलत्याच ठिकाणच्या गोष्टीवरून आपल्या कामासाठी काही उचललंय का? आणि जपानवाले कोणी असतील तर सांगा, हे सगळं अजून दिसतं का तिथे?

निशिकसाईकर
ताई, मी टोक्योतच, आठ वर्षं झाली. आमच्या निशी-कसाईहून तोझाई लाइनने ओतेमाची, तिथे चियोदा लाइन पकडायची की मेइजी-जिंगुमाए, बाहेर आलं की हाराजुकू. पहिल्याच रविवारी बायकोला मोठ्या हौसेने घेऊन गेलो, म्हटलं चल तुला रंगीबेरंगी माणसं दाखवतो. ताकेशिता स्ट्रीट म्हणजे जेमतेम साडेतीनशे मीटरची गल्ली, आपल्या लक्ष्मी रोडला दिवाळीत असते तशी गर्दी, आणि त्या गर्दीत रंगीबेरंगी कोण, तर आम्हीच. बायकोची पैठणीच्या काठाची कुर्ती होती. बाकी सगळे पर्यटक, हातात क्रेप, आणि जपानी पोरं काळ्या नाहीतर राखाडी ओव्हरसाइज टीशर्टात.

म्हणजे अगदीच संपलंय असं नाही. एखादी दिसते मधूनच, आणि दिसली की लांबून ऐकू येते, खरंच, खुळखुळत येते. पण रस्ताभर वगैरे नाही. जुनं १९२४ चं लाकडी स्टेशनही गेलं, २०२० ला नवीन काचेचं सुरू झालं आणि जुनं पाडलं.

बटाटेवडा
फळांचं पुस्तक समजून उघडलं 😂😂 मी पण शीर्षक वाचून गोधडी विकायला काढलीय असं समजून आलो होतो.

शंकेखोर
धागा छान, पण एक बोलू का. रंगांचं आपल्याकडे काय कमी होतं म्हणून टोक्योला जायचं? इरकल बघा, खण बघा, लुगड्यांचे रंग बघा, पोतराज बघा. आपल्याकडचा बहुरूपी रस्त्यात आला तर आपण दार लावून घेतो आणि तिकडच्या बहुरूप्याचं पुस्तक छापलं की क्रिएटिव्ह इन्स्पिरेशन? आणि त्या बांगड्या, क्लिपा सगळं प्लॅस्टिकच ना शेवटी, म्हणजे कचराच.

ठिगळकर
@शंकेखोर, प्लॅस्टिकचं मान्य. रंगांचं अर्धंच मान्य. आपल्याकडे रंग भरपूर आहेत पण प्रत्येक रंगाला एक पहारेकरी आहे. हिरवा कोणी घालायचा, काळा कधी घालायचा नाही, आणि चाळिशीनंतर तर "वयाला शोभेल असं घ्या" हे दुकानदारसुद्धा सांगतो. मी गेल्या वर्षी राणी रंगाची साडी बघत होते तर त्या मुलाने न विचारता मोतिया रंग पुढे सरकवला. त्या फोटोंमधल्या पोरींना हे विचारणारं कोणी नव्हतं, निदान रस्त्यावर तरी. घरी असेलच, आया सगळीकडे सारख्या.

निवांतराव
मी १९८९ मध्ये कंपनीच्या ट्रेनिंगवर सहा महिने कावासाकीला होतो. रविवारी करायला काही नसायचं, इंग्रजी कोणाला येत नाही, टीव्ही कळत नाही. एका सहकाऱ्याने हाराजुकूला नेलं. योयोगी पार्कच्या बाजूचा रस्ता रविवारी गाड्यांना बंद असायचा, होकोशा तेन्गोकू म्हणायचे, म्हणजे पादचाऱ्यांचा स्वर्ग, पोरं त्याचं होकोतेन करायची. काय सांगू तुम्हाला, वीस-पंचवीस पावलांवर एक बँड, प्रत्येकाचा आपला जनरेटर, आपले स्पीकर, याचं गाणं संपेपर्यंत शेजारच्याचं सुरू, आपल्या गणपतीत दोन मंडळं समोरासमोर आली की होतं तसं. बाजूला चामड्याची जाकिटं घातलेले, केसांचा मोठा कोंबडा काढलेले बाप्ये टेपरेकॉर्डरभोवती गोल करून एल्विससारखे नाचत होते. ते नाचणारे म्हणे अजूनही येतात.

सहकारी म्हणाला, हे काहीच नाही, दहा वर्षांपूर्वी यायला हवं होतंस. तेव्हा ताकेनोको-झोकू होते. झोकू म्हणजे टोळी, आणि ताकेशिता स्ट्रीटवर ताकेनोको नावाचं एक बुटीक होतं, तिथले झगझगीत ढगळ पायघोळ कपडे घालून शाळकरी मुलंमुली रविवारी रस्त्यावर एका तालात नाचायची, म्हणून ते नाव. ताकेनोको म्हणजे बांबूचा कोंब, वास्ता. आमच्या हिने नंतर वास्त्याची भाजी केली की मी तिला ही गोष्ट सांगायचो, शेवटी ती म्हणाली आता पुरे.

फोटो काढले होते मी. एक रोल. कुठल्या ट्रंकेत आहे देव जाणे.

ठिगळकर
काका ट्रंक उघडा! आजच!

मिनू_मिनू
अरे हा धागा माझ्यासाठीच आहे 😭 फॅशन डिझाइनच्या दुसऱ्या वर्षाला माझा अख्खा प्रोजेक्ट यावर होता. थोडं लेक्चर देते, कंटाळा आला तर स्क्रोल करा.

आधी हे की हे सगळं तिथेच का, तर युद्धानंतर त्या भागात अमेरिकन सैनिकांच्या कुटुंबांची वसाहत होती, वॉशिंग्टन हाइट्स नावाची. त्यांच्यासाठी आजूबाजूला खेळण्यांची, वस्तूंची दुकानं आली, किडीलँड त्यातलंच. मग १९६४ च्या ऑलिंपिकला ती जागा खेळाडूंचं गाव झाली आणि हाराजुकूवर विदेशी, तरुण असा शिक्का बसला. १९७० मध्ये मिल्क नावाचं छोटं दुकान निघालं, १९७८ मध्ये लाफोरे हे मोठं शॉपिंग सेंटर, त्यात नव्या डिझायनरांना छोटे गाळे मिळायला लागले. म्हणजे आकाशातून नाही पडलं, गाळे परवडत होते आणि रस्ता रविवारी रिकामा होता म्हणून झालं.

दुसरं, लोक सगळ्याला हाराजुकू फॅशन म्हणतात पण त्यात पंथ आहेत. ठिगळकरताईंनी पाहिलं त्यातलं सगळ्यात रंगीत ते डेकोरा, डेकोरेशनवरून. लोलिता वेगळं, ते फुगीर गुडघ्यापर्यंतचे फ्रॉक, लेस, बॉनेट. नाबोकोव्हच्या लोलिता कादंबरीशी त्याचा काही संबंध नाही आणि हे दरवेळी सांगावं लागतं, उलट फार अंगभर कपडे असतात ते. आणि रापलेला मेकअप, उंच टाचा वगैरे गॅरू, त्यांचा अड्डा शेजारच्या शिबुयात, तिथल्या १०९ नावाच्या इमारतीत. गॅरू आणि लोलिता यांना एकाच पिशवीत घालणं म्हणजे कोल्हापूरच्या माणसाला पुणेरी मिसळ देण्यासारखं आहे.

आता डेकोरा कसं करतात ते, कारण मी केलंय. बघताना वाटतं की मिळेल ते लटकवलंय. तसं नसतं. आतला कपडा अगदी साधा, टीशर्ट, हुडी, घेरदार छोटा स्कर्ट. मग सगळा भार कपाळावरच्या केसांवर. टिकटॅक क्लिपा, एकावर एक, कौलं बसवतात तशा, खालची ओळ आधी, तिच्यावर अर्धी चढवून दुसरी. पहिली ओळ घट्ट बसली नाही तर दहा मिनिटांत सगळं छप्पर नाकावर. मला एकतीस क्लिपा लागल्या. गळ्यात माळा लावायच्या तर लहान आत, मोठी बाहेर, आणि एक रंग ठरवून तो केसात, हातात आणि मोज्यात असा तीन जागी तरी परत आणायचा, मग बाकी काहीही घाला, डोळा त्या रंगाला धरून चालतो. ही युक्ती मला फोटो मोजून मोजून सापडली, कुठे लिहिलेली नव्हती.

क्लिपा कुठून आणल्या? लोकलमधून! लेडीज डब्यात क्लिपवाल्या मावशी चढतात ना, दादरला एकीकडून सगळ्याच्या सगळ्या क्लिपा घेतल्या. ती म्हणाली, "काय गं, दुकान टाकतेस?" मी म्हटलं नाही, डोक्याला लावणारे. तिने माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या टोपलीतनं एक स्ट्रॉबेरीची काढून वरून दिली, म्हणाली "ही पुढं लाव." पुढंच लावली.

रांगडी
लै भारी मिनू! आता माझी पण ऐका. त्या लोलिता फ्रॉकचा मला पण कॉलेजात नाद लागलेला. ओरिजिनल अँजेलिक प्रिटी वगैरे ब्रँडचा एक ड्रेस म्हणजे तीस-चाळीस हजार येन, घरात सांगितलं असतं तर बाबांनी मलाच विकलं असतं. मग एका साइटवरून स्वस्तातला पेटीकोट मागवला, फोटोत ढगासारखा फुगलेला, आणि घरी आलं ते म्हणजे आंब्याच्या ताटावर झाकायची जाळी. आईने खरंच झाकली आंब्यांवर. पैसे परत मिळाले नाहीत ते नाहीतच.

शेवटी आमच्या गल्लीतल्या लेहंगेवाल्या टेलरकाकांकडं गेले. त्यांनी फोटो बघितला आणि म्हणाले, "हे व्हय, कॅनकॅन लावून परकर शिवायचा, त्यात काय." दोन थर कडक नेटचे, कडेला कापडी पट्टी म्हणजे पायाला टोचत नाही, घेर वरनं खाली तीन टप्प्यात वाढवत नेला. साडेचारशे रुपयात ढग तयार. काकांना जपान माहीत नव्हतं पण फुगवायचं कसं ते माहीत होतं.

शंकेखोर
हे टेलरकाकांचं आवडलं. पण मिनू, तूच म्हणतेस पंथ, तूच म्हणतेस लोलिताचे नियम. मग ते पहारेकरी नाहीत वगैरे ठिगळकर म्हणतायत त्याचं काय?

मिनू_मिनू
बरोबर पकडलंत काका. लोलितात नियमच नियम आहेत, फ्रॉकची लांबी, पेटीकोट हवाच, लेस स्वस्त दिसता कामा नये. ऑनलाइन ग्रुपवर परदेशी पोरी एकमेकींना इतकं टोचून बोलतात की आपली चाळ बरी. पण फरक हा की ते नियम पोरींनी स्वतः केलेत, स्वतःच्या हौसेसाठी. सासरच्यांनी नाही.

निशिकसाईकर
आणि सरकारपण उतरलं होतं यात. २००९ मध्ये जपानच्या परराष्ट्र मंत्रालयाने तीन तरुणींना चक्क कावाई (म्हणजे गोंडस) राजदूत म्हणून नेमलं, एक लोलिता, एक शाळेच्या गणवेशाच्या फॅशनची आणि एक हाराजुकू स्टाइलची. मंत्रालयात फाइल फिरली असेल, गोंडसपणाबाबत. ऑफिसात हे सांगितलं तर माझा जपानी बॉस इतका लाजला की विषय बदलला.

बटाटेवडा
आपल्याकडे नऊवारी राजदूत नेमा, मानधन नको, फक्त टोल माफ.

निवांतराव
पण मग हे संपलं का? मी पाहिलं तेव्हा तर ऊत आला होता.

निशिकसाईकर
काका, तुमचा तो पादचाऱ्यांचा स्वर्ग १९९८ मध्ये कायमचा बंद झाला. आवाज, कचरा, गर्दी, रहिवाशांच्या तक्रारी. आणि त्याच वर्षी युनिक्लोने हाराजुकूत दुकान काढलं, स्वस्त फ्लीसची जाकिटं, सगळ्या देशाने घेतली. मग स्वस्त कपड्यांची परदेशी दुकानं, २००८ ला एच अँड एम, २००९ ला फॉरएव्हर २१. भाडी वाढली, छोटे गाळेवाले गेले. नटूनथटून आलं तरी उभं राहायला जागाच नाही, कोणी बघणारं नाही, सगळे चालतायत. माझ्या मते खरं नुकसान हे आहे, कपडे नाही संपले, रविवारची मोकळी जागा संपली.

आओकींनी २०१७ मध्ये फ्रूट्स बंद केलं, वीस वर्षं चाललं. फोटो काढण्यासारखी पोरंच आता दिसत नाहीत असं ते म्हणाले. अशाच फॅशनच्या केरा मासिकाची छापील आवृत्तीही त्याच वर्षी गेली.

मिनू_मिनू
@निशिकसाईकर अर्धंच पटलं. मासिकं गेली कारण पोरी आता स्वतःचे फोटो स्वतःच टाकतात, आओकी समोरून येईपर्यंत रस्त्यावर थांबायची गरज काय. आणि मधल्या काळात त्या सेबास्टियन मासुदा नावाच्या कलाकाराला कसं विसरता! १९९५ मध्ये त्याने हाराजुकूत ६% डोकीडोकी नावाचं दुकान काढलं. डोकीडोकी म्हणजे आपलं धडधड, छातीत होतं ते. क्यारी पाम्यू पाम्यू या गायिकेच्या २०११ च्या पोनपोनपोन व्हिडिओतली ती खोली, खेळणी आणि खाऊ ओसंडून वाहणारी, ती त्याने सजवलेली. ते बघून जगभरातल्या माझ्या वयाच्या पोरी बिघडल्या. नंतर त्याने कावाई मॉन्स्टर कॅफे केलं, २०१५ ते २०२१, करोनाने घालवलं. मला जायचं होतं तिथे. पैसे साठवत होते.

शंकेखोर
तेच म्हणतोय, शेवटी कॅफे आणि तिकीट. असो. धागा वाचून बायकोने माझे सगळे राखाडी शर्ट बाहेर काढलेत, त्याचं काय करू ते सांगा.

ठिगळकर
राखाडी शर्ट मला पाठवा, चेष्टा नाही, अस्तराला लागतात.

(दोन आठवड्यांनी) धागा वर काढतेय. गोणी उतरवली माळ्यावरनं. पहिला प्रयत्न पार फसला. उत्साहाच्या भरात हाताला येईल तो तुकडा लावत गेले, रात्री एक वाजता उभं राहून बघितलं तर रांगोळीवर कोणी बादली उपडी केल्यासारखं. सगळेच रंग ओरडत होते त्यामुळे ऐकू कोणाचंच येईना. निम्मे टाके उसवले. मग मिनूचं ते आठवलं, एक रंग धरायचा. माझ्याकडे एक लिंबू रंगाचा सुती परकर होता, जुना, तो कापून अकरा तुकडे केले आणि तेवढेच आधी पसरून ठेवले, कुठे चौकोन, कुठे नुसती बोटभर पट्टी. बाकीचे त्यांच्या मधे. राणीच्या शेजारी पोपटी, पोपटीच्या शेजारी नातवाच्या फाटक्या नाइटसूटवरचे डायनोसॉर, आणि एका कोपऱ्यात माझ्याच लग्नातल्या साडीचा जरीचा काठ, तो घालताना हात जरा अडखळला, पण घातला. वरून धावदोरा फ्लोरोसंट नारिंगी, मुद्दाम, लपवायचाच नाही म्हणून.

आणि मागच्या बाजूला, अस्तरावर, मी फोटोखाली असतं तसं काळ्या धाग्याने लिहिलंय: लिंबू, आईचा परकर. डायनोसॉर, नातू, वय ५. जर, मी. बाकी रद्दी. अक्षर वाकडं आलंय.

विकायला म्हणून केली होती, दारात वाळत घातली तर सासूबाई आल्या, वय ८४, कायम पांढरट नऊवारी नेसणाऱ्या, काही न बोलता काढली आणि आपल्या पलंगावर नेऊन घातली. मी विचारलं, आवडली का. म्हणाल्या, "ते जनावर कुठलं गं?"

रांगडी
आईशप्पथ डोळ्यात पाणी आणि हसू एकदम. फोटो टाका ना!

ठिगळकर
टाकते, पण सासूबाई त्यावरच झोपल्यात, उठल्या की.

निवांतराव
ट्रंक उघडली. रोल सापडला नाही. प्रिंट्स मात्र तीन सापडल्या, दोन माझ्याच आहेत, टोक्यो टॉवरपुढे. तिसऱ्यात एक मुलगी आहे, लाल छत्री, दोन रंगाचे बूट, आणि अर्ध्या फोटोवर माझं बोट आलंय.

मिनू_मिनू
काका ते बोटासकट स्कॅन करा, प्लीज!!

बटाटेवडा
ताई ते गोधडीचं माप आणि भाव राहिलाच.

ठिगळकर
पाच बाय सात, सिंगल. ती विकायची नाही. दुसरी लावायला घेतलीय, शंकेखोरांचे शर्ट आले की अस्तर पुरं होईल.